पटायाच्या पलीकडचे थायलंड

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांत थायलंडच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात, आणि त्या बहुतेक एकाच साच्यातल्या असतात: बँकॉक-पटाया, चार रात्री-पाच दिवस, विमानभाडे आणि नाश्ता धरून. २०२४ मध्ये थायलंडला साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटक आले, त्यांत सुमारे २१ लाख भारतीय होते. मात्र या साच्यातून गेलेल्याला एक महानगर, एक किनारा आणि त्यांना जोडणारा महामार्ग, एवढेच थायलंड भेटते. हा देश महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आणि उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब आहे. उत्तरेत सागाची जंगले आणि अडीच हजार मीटरचे डोंगर, ईशान्येला कोरडे पठार, मध्ये भाताचे सपाट खोरे, दक्षिणेला दोन समुद्रांच्या मधली चिंचोळी पट्टी. प्रत्येक भागाची बोली वेगळी, ताटातला भात वेगळा, इतिहासही वेगळा. हे सगळे पाहायचे तर पाठीवर सॅक टाकून रेल्वेने आणि बसने, जमिनीवरून जावे लागते. विमानाने तुकडे जोडत फिरणाऱ्याला एक प्रदेश संपून दुसरा कुठे सुरू झाला, ते उमगतच नाही.

सॅकवाल्यांची ही वाट जुनी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातले तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल करत खुष्कीच्या मार्गाने दिल्ली, गोवा आणि काठमांडूला येत. त्यांतले काही पुढे बँकॉकला जात. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७५ मध्ये स्वस्तात आग्नेय आशिया फिरण्याची मार्गदर्शिका काढली आणि ही वाट छापील झाली. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातले सोव्हिएत सैन्य यांमुळे खुष्कीचा मार्ग बंद पडला. बँकॉकचे महत्त्व मात्र वाढतच गेले. राजवाड्याजवळची खाओ सान ही एके काळी तांदळाच्या व्यापाराची गल्ली. ऐंशीच्या दशकात तिथे लोकांनी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि आज ती जगभरच्या सॅकवाल्यांची पेठ आहे. एखादी संध्याकाळ तिथे जरूर घालवावी. मुक्काम मात्र नदीकाठच्या शांत गल्लीत करावा, कारण खाओ सानवर पहाटेपर्यंत झोप लागत नाही.

बँकॉक सोडायचे तर पहिली गाडी थोनबुरी स्थानकातून धरावी. सकाळी आठच्या सुमारास इथून नाम टोकची पॅसेंजर सुटते. तिसरा वर्ग, डोक्यावर पंखे, उघड्या खिडक्या, आणि परदेशी प्रवाशाला सरसकट १०० बाट तिकीट. भातखाचरे आणि उसाचे मळे मागे टाकत गाडी कांचनाबुरीला पोहोचते आणि क्वाई नदीवरचा तो प्रसिद्ध लोखंडी पूल सावकाश ओलांडते. त्याच्या पुढे वांग फो येथे कड्याला बिलगून उभारलेल्या लाकडी खांबांच्या पुलावर गाडीचा वेग माणसाच्या चालीवर येतो. एका बाजूला हात लांबवला तर कातळ लागेल, दुसऱ्या बाजूला थेट खाली नदी. फोटोंसाठी अख्खा डबा एका बाजूला झुकतो.

तेव्हा ही वाट कोणी बांधली, हेही आठवावे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने थायलंड आणि ब्रह्मदेश जोडणारा ४१५ किलोमीटरचा हा लोहमार्ग १९४२-४३ मध्ये अवघ्या सव्वा वर्षात पुरा करून घेतला. त्यात बारा हजारांवर युद्धकैदी मेले. त्यांच्याहून कितीतरी अधिक मेले ते आशियाई मजूर: ब्रह्मी, जावानीज, मलायी आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ. त्यांच्या मृत्यूचा आकडा अंदाजानेच सांगितला जातो, आणि तो साधारणपणे नव्वद हजारांच्या घरात धरतात. कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार थडगी ओळीने, निगुतीने राखलेली आहेत. ती दोस्तराष्ट्रांच्या सैनिकांची. तमिळ मजुरांना नाव कोरलेला दगड मिळाला नाही. भारतातून जाणाऱ्याने इथे थोडा वेळ थांबावे.

उत्तरेकडे जाणारी रात्रीची गाडी बँकॉकच्या नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटते. जानेवारी २०२३ मध्ये लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगवरून इथे हलवल्या. चियांग माई ७५१ किलोमीटर दूर आहे, प्रवास बारा-तेरा तासांचा. अंधार पडला की परिचर समोरासमोरच्या बाकांची शय्या करतो, स्वच्छ चादर घालतो, पडदा लावून देतो. खालची शय्या वरच्यापेक्षा रुंद, म्हणून तिचे तिकीटही जास्त. आपल्याकडच्या ‘लोअर बर्थ’ सवयीने हा फरक लक्षात येत नाही. वातानुकूलित शयनयानाला हजार बाटच्या आसपास पडतात आणि एका रात्रीचे खोलीभाडे वाचते. हिवाळ्यात या जागा फार आधी भरतात.

चियांग माई १२९६ मध्ये राजा मंगराईने वसवले. ते लान्ना राज्याची राजधानी होते, पुढे दोनशेहून अधिक वर्षे ब्रह्मी राजवटीखाली राहिले. रेल्वे इथवर आली ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यामुळे बँकॉकपेक्षा इथली देवळे, बोली आणि जेवण अजूनही निराळे आहे. जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक शाबूत आहे आणि आतली वस्ती पायी फिरता येते. नारळाच्या दुधातला, वरून कुरकुरीत शेवया घातलेला ‘खाओ सोय’ इथे खावाच. युन्नानमधून खेचरांचे तांडे घेऊन आलेल्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याचे नाते सांगतात, आणि मशिदीजवळच्या छोट्या दुकानांत तो आजही मिळतो. इथून पाईकडे जाणारा १०९५ क्रमांकाचा रस्ता ७६२ वळणांसाठी ओळखला जातो. गाडी लागणाऱ्याने रिकाम्या पोटी निघू नये, आणि भरल्या पोटीही नाही.

डोंगरांतल्या कारेन, ह्मोंग, लाहू, अखा या जमातींच्या गावांतून चालत जाण्याचे ट्रेक इथले मोठे आकर्षण. या उतारांवर एके काळी अफूची शेती होती. राजा भूमिबोल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून शेतकऱ्यांना कॉफी, फळे आणि थंड हवेच्या भाज्या लावायला दिल्या गेल्या, आणि अफू हळूहळू हटली. ज्या ट्रेकचा वाटाड्या त्याच जमातीतला आहे आणि मुक्काम गावकऱ्याच्याच घरी आहे, तो निवडावा. गळ्यात पितळी वेटोळी घातलेल्या कायान बायकांची ‘प्रदर्शनी गावे’ मात्र टाळलेलीच बरी. म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेल्या माणसांकडे तिकीट काढून पाहणे हा प्रवास नव्हे. आणखी एक सूचना वेळेची. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेत शेतातली धसकटे आणि जंगल जळत असते, आणि चियांग माईची हवा तेव्हा जगातल्या सर्वांत दूषित हवांत मोडते. नोव्हेंबर ते जानेवारी हा इथला खरा हंगाम.

आणि आता ईसान. ईशान्येचे हे पठार थायलंडचा एकतृतीयांश भाग व्यापते, लोकसंख्याही जवळपास तेवढ्याच वाट्याची, तरी बहुतेक परदेशी सॅकवाले इकडे फिरकत नाहीत. समुद्र नाही, पोस्टकार्डी डोंगर नाहीत, जमीन रेताड, पाऊस लहरी. बँकॉकमधले टॅक्सीचालक, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया यांतले कितीतरी जण ईसानचे. एप्रिलमध्ये सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, आला की गाड्या भरभरून ही माणसे गावी परततात. दुष्काळी भागातून मुंबई-पुण्याला येणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्या मराठी प्रवाशाला हा प्रदेश लगेच कळेल. थायलंडच्या सहलीतला एकच भाग वाढवायचा असेल तर तो हा वाढवावा.

बुरीरम प्रांतात, नांग रोंग गावाजवळ, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर फनोम रुंगचे मंदिर आहे. दहाव्या ते तेराव्या शतकांत ख्मेर राजवटीत बांधलेले हे शिवालय. बांधणी वालुकाश्माची आणि जांभ्याची, तोच जांभा जो कोकणातल्या घरांच्या भिंतींत दिसतो. फरसबंदीच्या लांब वाटेने, नागांचे कठडे असलेल्या पुलावरून आणि पायऱ्यांवरून चढत जायचे. गाभाऱ्याच्या पूर्वद्वारावर नटराज आहे आणि त्याखालच्या आडव्या शिळेवर शेषशायी विष्णू, नाभीतून उगवलेल्या कमळावर ब्रह्मा, पायाशी लक्ष्मी. ही शिळा १९६०च्या दशकात इथून नाहीशी झाली आणि पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली. ती परत मिळावी म्हणून थायलंडमध्ये मोठी चळवळ उभी राहिली, लोकप्रिय रॉक बँडने त्यावर गाणे केले, आणि १९८८ मध्ये शिळा घरी आली. आज ती आपल्या मूळ जागी आहे. मंदिराची पंधरा दारे एका रेषेत आहेत, आणि वर्षातले मोजके दिवस उगवता किंवा मावळता सूर्य त्या सगळ्यांतून आरपार दिसतो. एप्रिलच्या सुरुवातीला उगवतीचा योग असतो. तेव्हा गर्दी उसळते. एरवी दुपारी तिथे शाळेची सहल आणि चार-दोन भाविक असतात.

मंदिराच्या पायथ्याशी, किंवा ईसानमध्ये कुठेही, रस्त्याकडेला खलाचा ठोक-ठोक आवाज येतो. बाई मातीच्या उंच खलात लसूण आणि मिरच्या टाकते, लाकडी बत्त्याने हलकेच ठेचते, ताडगूळ, लिंबू, टोमॅटो, वाळवलेली कोळंबी घालते, मग कच्च्या पपईचा कीस. एका हाताने ठोकायचे, दुसऱ्या हातातल्या चमच्याने तळापासून वर-खाली करायचे. हे झाले ‘सोम ताम’. सोबत बांबूच्या छोट्या टोपलीत चिकट भात येतो. तो हाताने घ्यायचा, बोटांनी गोळा करायचा आणि पपईच्या आंबट-तिखट रसात बुडवायचा. मिरच्या किती, ते बाई आधी विचारते. दोन म्हटले तरी मराठी जिभेला पुरते. शाकाहाऱ्याने माशाचे पाणी, आंबवलेला मासा आणि कोळंबी नको, असे स्पष्ट सांगावे, नाहीतर भाजीच्या पदार्थातही ते असतेच. ‘जे’ असे लिहिलेली पिवळी पताका दिसली तर तिथले जेवण पूर्ण शाकाहारी, त्यात लसूण-कांदाही नसतो.

ईसानमध्ये गावोगाव जोडणारे वाहन म्हणजे ‘सोंगथेव’: पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाक, वर छप्पर, भरली की सुटते. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापचे हे थाई भावंड. मोटरसायकल भाड्याने घेणे सोपे वाटते, पण थायलंडमधले रस्ते-अपघातांचे प्रमाण आशियातल्या सर्वाधिकांत मोडते. आंतरराष्ट्रीय परवाना आणि हेल्मेट नसेल तर विमा कंपनी पैसे देत नाही.

दक्षिणेत जाताना नकाशाबरोबर वाऱ्यांचाही विचार करावा. पश्चिमेचा अंदमान किनारा, म्हणजे फुकेत, क्राबी, को लांता, मे ते ऑक्टोबर पावसात असतो. कोकणाला भिजवणारा तोच नैर्ऋत्य मोसमी वारा इथेही पाऊस पाडतो. पूर्वेच्या आखातातली को समुई, को फांगान, को ताओ ही बेटे त्या काळात बरीच कोरडी राहतात, पण ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य वारा त्यांना झोडपतो, जसा तो तमिळनाडूला झोडपतो. म्हणून शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मे महिन्यात जाणाऱ्याने आखाताची बाजू धरावी आणि नाताळात जाणाऱ्याने अंदमानाची. हे साधे गणित न करता आरक्षण केलेली कितीतरी कुटुंबे खोलीच्या खिडकीतून पाऊस बघत बसतात.

अंदमान बाजूची माया बे ही छोटी खाडी पर्यटनाचा धडा बनली. २००० साली आलेल्या ‘द बीच’ या चित्रपटाने ती जगभर पोहोचली, आणि एका दिवसात पाच हजारांपर्यंत माणसे त्या चिमूटभर वाळूवर उतरू लागली. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडले. जून २०१८ मध्ये सरकारने खाडी बंद केली, प्रवाळांची पुनर्लागवड केली आणि जानेवारी २०२२ मध्ये कडक नियमांसह उघडली. आता बोटी मागच्या बाजूला लागतात, पाण्यात पोहता येत नाही, आणि माणसांची संख्या मर्यादित असते. काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क पुन्हा उथळ पाण्यात फिरताना दिसतात. सरकारने हे नुकसान सोसून करून दाखवले, याचे मोकळेपणाने कौतुक करायला हवे.

काही गोष्टी निघण्यापूर्वीच माहीत हव्यात. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना साठ दिवस व्हिसाविना राहण्याची मुभा दिली, पण हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. मे २०२५ पासून येण्यापूर्वी डिजिटल आगमनपत्र भरणे बंधनकारक आहे. ई-सिगारेट बाळगणे तिथे गुन्हा आहे. राजघराण्याबद्दल अपमानकारक बोलल्यास कायद्याने तीन ते पंधरा वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. रेल्वे स्थानकावर सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागते, त्या क्षणी सगळे स्थानक जागच्या जागी उभे राहते. आपणही सॅक खाली ठेवून उभे राहावे.

अगदी दक्षिणेतले पत्तानी, याला आणि नराथिवात हे मलय मुस्लिमबहुल प्रांत २००४ पासून सशस्त्र संघर्षात सापडले आहेत आणि प्रवाशांनी तिकडे न जाण्याचाच सल्ला दिला जातो. त्यामुळे खाली मलेशियाकडे उतरणारे लोक हाट याईच्या जंक्शनवरून पाडांग बेसारची गाडी धरतात. सीमेवरच्या या एकाच स्थानकात थायलंडचा निघण्याचा आणि मलेशियाचा येण्याचा शिक्का मिळतो. घड्याळ एक तास पुढे करायचे. तिथून मलेशियाची विजेवर धावणारी लोकल बटरवर्थला जाते, आणि स्थानकाजवळच्या धक्क्यावरून पेनांग बेटाची फेरी बोट सुटते.