आलिशान सुइट आणि कराची सीमारेषा
साईबाबांनी पडक्या मशिदीत वास्तव्य केले. त्याच शिर्डीत आज भक्तनिवासांबरोबर आलिशान हॉटेलेही उभी आहेत. त्यांतील सुइट, म्हणजे शयनगृहाला जोडून स्वतंत्र दिवाणखाना असलेले दालन, घेताना केवळ भाडे पाहून भागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीला प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, तर त्याहून अधिक भाडे असल्यास संपूर्ण रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. परिणामी ७,५०० रुपयांच्या खोलीचे बिल ७,८७५ रुपये, तर ८,००० रुपयांच्या सुइटचे ९,४४० रुपये होते. भाड्यातील फरक ५०० रुपयांचा. खिशावरील वाढीव भार मात्र १,५६५ रुपयांचा. छापील दर नव्हे, तर प्रत्यक्ष आकारलेले भाडे येथे ग्राह्य धरले जाते. त्यामुळे आरक्षणापूर्वीच करासह एकूण रक्कम विचारून घेणे श्रेयस्कर.