सव्वीस वर्षे आणि तीच सरहद्द

इ.स. ६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीतून चांदीचे एक नवे नाणे बाहेर पडले. एका बाजूला सम्राट हेराक्लियस आणि शेजारी त्याचा लहानगा मुलगा. दुसऱ्या बाजूला पायऱ्यांवर उभा क्रूस आणि त्याभोवती लॅटिन अक्षरे. त्यांचा अर्थ एवढाच : देवा, रोमनांना साहाय्य कर. राजे नाण्यांवर बिरुदे कोरतात, विजय कोरतात. इथे एका साम्राज्याने आपला धावा कोरला होता. सरकारी पगार निम्म्यावर आणून ते या नाण्यांत चुकते होऊ लागले होते.

पूर्व रोमन म्हणजे बायझंटाइन साम्राज्य आणि इराणचे ससानी साम्राज्य यांच्यातले ६०२ ते ६२८ हे युद्ध. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. पण पश्चिम आशियाचा पुढचा सारा इतिहास याच युद्धाच्या राखेतून उभा राहिला.

वैर जुने होते. ससानी घराणे २२४ मध्ये सत्तेवर आले, तेव्हापासून मेसोपोटेमियातले किल्ले, आर्मेनियावरचा ताबा, कॉकेशसच्या खिंडी आणि रेशमाचा व्यापार यांवरून दोन्ही दरबार भांडत आले होते. लढाई व्हायची, तह व्हायचा, सोने मोजले जायचे आणि सरहद्द थोडी इकडेतिकडे सरकायची. या वेळी मात्र भांडणाला घरगुती सुडाची धार होती.

५९० मध्ये इराणी सेनापती बहराम चोबीनने बंड केले आणि तरुण खुस्रो परवेझला गादी सोडून पळावे लागले. त्याने आश्रय घेतला तो थेट शत्रूच्या घरी. रोमन सम्राट मॉरिसने त्याला फौज दिली आणि ५९१ मध्ये पुन्हा सिंहासनावर बसवले. बदल्यात खुस्रोने दारा किल्ला आणि आर्मेनियाचा मोठा भाग दिला. पुढे ६०२ मध्ये मॉरिसने डॅन्यूबवरच्या सैन्याला कडाक्याचा हिवाळा नदीपलीकडेच काढायचा हुकूम दिला. सैनिक बिथरले. फोकस नावाच्या अधिकाऱ्याला त्यांनी पुढे केले आणि तो सम्राट झाला. मॉरिसच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली गेली. मग त्याचाही शिरच्छेद झाला.

उपकारकर्त्याच्या खुनाचा सूड घ्यायचा म्हणून खुस्रो निघाला. त्याचा संताप खरा असेलही. पण दिलेला मुलूख परत मिळवायची अशी संधी पुन्हा आली नसती. ६१० मध्ये हेराक्लियसने फोकसला ठार केले. मॉरिसचा मारेकरी गेला, सुडाचे कारण संपले. युद्ध मात्र संपले नाही.

कारण विजय मिळत होते. ६१३ मध्ये दमास्कस पडले. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले. तिथे मोठी कत्तल झाली आणि ख्रिस्ती जगाला प्राणाहून प्रिय असलेला येशूचा ‘खरा क्रूस’ इराणला नेला गेला. ६१५ मध्ये इराणी सेनापती शाहीन राजधानीसमोर, सामुद्रधुनीच्या पलीकडच्या काठाला येऊन ठेपला. तेव्हाच कॉन्स्टँटिनोपलच्या सिनेटने खुस्रोकडे वकील पाठवले. हेराक्लियसला पुत्र मानावे, तो सेवा करील, इथवर त्यांनी नमते घेतले. खुस्रोने वकिलांना कैदेत टाकले. ते जिवंत परतले नाहीत.

सव्वीस वर्षांकडे वळून पाहताना माझी नजर दर वेळी याच जागी अडते. मागेल ते मिळाले असते, अशी ही घडी होती. पण खुस्रोला सगळेच हवे होते. पाठोपाठ इजिप्तही त्याच्या हाती आले आणि कॉन्स्टँटिनोपलला जाणारे नाईलकाठचे धान्य बंद झाले. भुकेल्या नगरीपुढे आता लढण्यावाचून दुसरी वाटच उरली नव्हती.

हेराक्लियसने चर्चमधली चांदी वितळवली आणि ६२२ पासून स्वतः सैन्य घेऊन बाहेर पडला. त्यानेही हात राखला नाही : अझरबैजानातले पवित्र अग्निमंदिर त्याने उद्ध्वस्त केले. ६२६ मध्ये युरोपच्या बाजूने आवार टोळ्या आणि आशियाच्या बाजूने इराणी, असा राजधानीला वेढा पडला. पण मधले पाणी रोमन आरमाराने सोडले नाही आणि दोन्ही फौजांची गाठ पडली नाही. डिसेंबर ६२७ मध्ये निनेवेजवळ इराणी सैन्य हरले. फेब्रुवारी ६२८ मध्ये खुस्रोच्याच मुलाने, कवाधने, बापाला पदच्युत करून मारवले आणि तह केला.

तह काय झाला? सरहद्द ६०२ मध्ये होती तिथेच. तेवढ्यासाठी शहरे जळाली, शेते ओस पडली, दोन्ही खजिने रिते झाले. तह करणारा कवाध काही महिन्यांत साथीच्या रोगाने गेला. चार वर्षांत इराणच्या गादीवर एकामागून एक राजे बसले आणि उतरले. ६३२ मध्ये खुस्रोचा कोवळ्या वयाचा नातू यझ्दगर्द तिसरा गादीवर आला. वाळवंटाच्या बाजूची राखण करणारे हिराचे लखमी अरब राज्य खुस्रोने युद्धाच्या सुरुवातीलाच मोडून टाकले होते. त्यामुळे नव्या धर्माच्या बळावर एकवटलेल्या अरब फौजा आल्या, तेव्हा तो दरवाजा उघडाच होता. ६३६ मध्ये यार्मुकला रोमन हरले, ६३७ मध्ये इराणची राजधानी टेसिफोन गेली. हेराक्लियसने ६३० मध्ये स्वतः जेरुसलेमला परत नेलेला क्रूस आठ वर्षेही त्या भूमीवर रोमनांच्या ताब्यात राहिला नाही. यझ्दगर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला.

या युद्धाचे एक टोक आपल्या भिंतीवर आहे. दिनदर्शिकेत ऑगस्टच्या मध्यावर ‘पारशी नूतन वर्ष (शहेनशाही)’ छापलेले असते. ती कालगणना यझ्दगर्दच्या राज्यारोहणापासून, ६३२ पासून चालते. ससानी रीत अशी की नवा राजा आला की सालाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. यझ्दगर्दनंतर कुणी आलाच नाही. म्हणून ती मोजणी अजून चालू आहे.