भिंतीवरचे चित्र आणि चित्राबाहेरची माणसे

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेले आपले समाजबांधव परतताना पुस्तकांबरोबर एखादी तसबीरही घेऊन येतात. तथागतांची, बाबासाहेबांची, आणि पुष्कळदा चवदार तळ्याची. तळ्याचे ते चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. पायऱ्यांवर बाबासाहेब, ओंजळीत पाणी, मागे अनुयायांची दाटी. घराला शोभा येते म्हणून ते आपण लावतो. पण घरातील मूल अक्षर ओळखू लागण्यापूर्वी इतिहास शिकते तो त्या चित्रावरूनच. आमच्या संस्कारवर्गात एका मुलाने विचारले, "पाणी पिण्यात एवढे काय होते?" प्रश्न भाबडा होता, पण चूक मुलाची नव्हती. चित्रात त्याचे उत्तर नाही.

लोकक्षोभाचे प्रसंग छापून घरोघरी लावण्याची चाल जुनी आहे व परदेशातही आहे. अशा चित्रात काय येते आणि काय गळते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील बोस्टन शहराचे एक उदाहरण येथे देतो.

५ मार्च १७७० च्या रात्री तेथील किंग स्ट्रीटवर इंग्रज शिपाई व जमाव यांच्यात चकमक उडाली. जमावाने बर्फाचे गोळे व दांडकी फेकली, गोंधळात शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे प्राणास मुकली. पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने तीनएक आठवड्यांतच या प्रसंगाचे चित्र छापून विक्रीस काढले. (मूळ रेखाटन हेन्री पेलहॅम या तरुण चित्रकाराचे. आपले काम परस्पर उचलल्याबद्दल त्याने रिव्हिअरला संतापाचे पत्रही लिहिले होते!) चित्रात शिपाई कवायतीसारखे एका रांगेत उभे आहेत, मागून अधिकारी तलवार उगारून हुकूम देतो आहे, आणि लोकांच्या हातात काठीसुद्धा नाही. शिपायांच्या मागच्या इमारतीवर तर चक्क 'खाटीकखाना' अशा अर्थाची पाटी रंगवली आहे. पुढे शिपायांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या वकिलांपैकी जोसाया क्विन्सी यांना ज्यूरीला सांगावे लागले की, घराघरांत लावलेल्या चित्रांनी कल्पनेला पंख फुटले आहेत, निकाल पुराव्यावर द्या. आठपैकी सहा शिपाई सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले.

परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मेलेल्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी व मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी होता. तो गुलामीतून पळालेला असावा असे मानतात, आणि पहिला बळी तोच, असेही सांगितले जाते. रिव्हिअरच्या चित्राखाली मृतांच्या यादीत त्याचे नाव छापलेले आहे. चित्रात मात्र तो ओळखू येत नाही, कारण गर्दीतले चेहरे गोरेच काढले आहेत. गुलामगिरीविरोधी चळवळीने त्याची आठवण पुन्हा जागी केली, आणि १८५६ साली बोस्टनलाच छापलेल्या नव्या चित्रात तो ऐन मध्यभागी आला. स्वतःच्या शहराच्या चित्रात जागा मिळायला त्याला ८६ वर्षे लागली.

आता आपल्या भिंतीकडे वळू. २० मार्च १९२७ च्या चित्रातून काय गळले? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा मुंबई कायदेमंडळातील बोले यांचा १९२३ चा ठराव गळला. परिषदेसाठी झटलेले आर. बी. मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे दिसत नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पाणी प्याल्यानंतरची दुपार त्यात नाही. वीरेश्वराच्या देवळातही हे लोक शिरणार अशी आवई उठली आणि सवर्णांच्या जमावाने लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपात व वाटेवर आपल्या माणसांना झोडपले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. चिडलेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. नंतर विरोधकांनी शेण-गोमूत्राचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले! २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली. परंतु कोर्टाच्या मनाई हुकमामुळे तेव्हा तळ्याचे पाणी घेतले नाही. तो दावा उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे चित्रातली ती ओंजळ कायद्याने निर्वेध व्हायला दहा वर्षे जावी लागली. त्या मुलाला आम्ही हे सर्व सांगितले, तेव्हा त्याने चित्र पुन्हा एकदा जवळून पाहिले.

स्त्रियांबद्दलही बोलावयास हवे. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले होते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक तसबिरींत मात्र एकही स्त्री नाही.

संस्थेच्या सभागृहातील तसबिरीखाली वरील मजकुराची पाटी लावण्याचे आम्ही योजिले आहे. ज्या कुटुंबांतील आजोबा-पणजोबांनी, आजी-पणजींनी महाडला जाऊन मार सोसला, त्यांनी त्यांची नावे गावासह लिहून कार्यकारिणीकडे द्यावीत. पाटीवर त्यासाठी जागा ठेवली आहे.