चार युरोंचा कॅन: सिटीवेस्टमधील क्राफ्ट बिअरचा भाव आणि तिचा दर्जा

डब्लिनच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिटीवेस्ट, सॅगर्ट आणि रॅथकूल या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना सुपरमार्केटच्या मद्यविभागात एक प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. ओळखीच्या लागरचा अर्धा लिटरचा कॅन दोन-अडीच युरोंना मिळतो. त्याच्या शेजारी चित्रविचित्र रंगांत नटलेला, ४४० मिलिलिटरचा, आयर्लंडमधल्याच एखाद्या छोट्या ब्रुअरीचा कॅन असतो आणि त्यावर चार युरो किंवा त्याहूनही अधिक किंमत असते. माल कमी, अंतर कमी, तरीही भाव जास्त. पुण्यातील मायक्रोब्रुअरीत बसून ताज्या बिअरचा आस्वाद घेतलेल्या मंडळींना तर हा कॅन घरी आणून उघडल्यावर दुसराच प्रश्न पडतो: इतके पैसे मोजूनही ती चव येथे का सापडत नाही?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. ब्रुअरीच्या टाकीपासून आपल्या ग्लासापर्यंतचे अंतर किती आणि त्या वाटेवर कोणकोण बसले आहे, यावर बिअरचा भावही ठरतो आणि दर्जाही.

प्रथम भावाकडे पाहू. आयर्लंडमध्ये बिअरवरील अबकारी कर द्रवाच्या आकारमानावर आणि त्यातील अल्कोहोलच्या प्रमाणावर आकारला जातो. २.८ टक्क्यांहून तीव्र बिअरसाठी हा दर प्रत्येक हेक्टोलिटरमागे, अल्कोहोलच्या प्रत्येक टक्क्यास २२.५५ युरो इतका आहे. हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. गणित मांडले तर ४.३ टक्क्यांच्या एका पिंटवर सुमारे ५५ सेंट आणि पाच टक्क्यांच्या ४४० मिलिलिटर कॅनवर सुमारे ५० सेंट एवढा कर बसतो. जर्मनीत सर्वसाधारण बिअरच्या तेवढ्याच पिंटवर हा कर पाच-सहा सेंटांच्या पुढे जात नाही. त्यावर पुन्हा २३ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, आणि तो अबकारी कर धरून झालेल्या किमतीवर लागतो. म्हणजे करावरही कर. चार युरोंच्या कॅनमध्ये या मूल्यवर्धित कराचा वाटा ७५ सेंटांचा असतो.

छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांना अबकारी करात निम्मी सवलत मिळते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. २०२० च्या अर्थसंकल्पात या सवलतीसाठीची वार्षिक उत्पादनमर्यादा ५०,००० हेक्टोलिटरपर्यंत वाढवण्यात आली. आकडा मोठा वाटतो, पण गिनेसच्या सेंट जेम्स गेट येथील कारखान्यात दिवसाला सुमारे तीस लाख पिंट तयार होतात असे सांगितले जाते. त्या हिशेबाने ही वर्षाची मर्यादा तेथे तीन दिवसांत पूर्ण व्हावी. सवलतीमुळे आपल्या चार युरोंच्या कॅनवरील अबकारी कर २५ सेंटांवर येतो. म्हणजे दोन्ही कर मिळून एक युरो सरकारजमा झाला आणि तीन उरले. या तीन युरोंत दुकानदार, वितरक, कॅन, लेबल, वाहतूक, वीज, पगार आणि शेवटी बिअर, असे सगळे बसवायचे असते.

कॅनवर घेतली जाणारी १५ सेंटांची अनामत मात्र या हिशेबात धरू नये. १ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या योजनेनुसार रिकामा, न चेपलेला कॅन यंत्रात टाकला की ती परत मिळते.

आता त्या दोन-अडीच युरोंच्या लागरविषयी. ती जितकी स्वस्त असू शकली असती तितकी आज नाही. ४ जानेवारी २०२२ पासून आयर्लंडमध्ये अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे किमान दहा सेंट आकारणे बंधनकारक झाले. ४.३ टक्क्यांच्या अर्धा लिटर कॅनमध्ये सुमारे १७ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणून तो १ युरो ७० सेंटांच्या खाली विकता येत नाही. चोवीस कॅनचा खोका त्यामुळे चाळीस युरोंच्या वर गेला. क्राफ्ट बिअरला या नियमाचा थेट स्पर्श होत नाही, कारण ती मुळातच त्या रेषेच्या बरीच वर असते. आठ टक्क्यांच्या डबल आयपीएचा ४४० मिलिलिटर कॅन घेतला तरी कायद्याने ठरणारी किमान किंमत २ युरो ७८ सेंट होते आणि प्रत्यक्षात तो कितीतरी महाग विकला जातो. परिणाम असा की स्वस्त लागर आणि क्राफ्ट बिअर यांच्यातील दरी थोडी अरुंद झाली. पण त्याआधी, जानेवारी २०२१ मध्येच, ‘चार घ्या आणि इतके वाचवा’ अशा एकगठ्ठा सवलतींवर बंदी आली होती. अनेक ग्राहक छोट्या ब्रुअरीची बिअर प्रथम चाखत ती अशाच सवलतींमुळे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते. तथापि त्याने नवख्या ग्राहकाच्या हातून एक स्वस्त वाट गेली, हेही खरे.

कच्च्या मालाचा वाटा किती, असा प्रश्न साहजिकच येतो. एका कॅनमागे साधारण शंभर ग्रॅम माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, लागते. त्याची किंमत काही सेंटांची. हॉप्सचे तसे नाही. साध्या लागरला लिटरमागे एक-दोन ग्रॅम हॉप्स पुरतात; गढूळ, फळांच्या गंधाच्या आयपीएला मात्र लिटरमागे दहा-पंधरा ग्रॅम किंवा अधिक लागतात आणि त्यांतील सिट्रा, मोझॅक यांसारखी लोकप्रिय वाणे अमेरिकेच्या याकिमा खोऱ्यातून येतात. शिवाय इतके हॉप्स टाकले की ते स्पंजासारखी बिअर शोषतात आणि टाकीतील काही भाग गाळासोबत वाया जातो. तरीही दोन कॅनांच्या किमतींतील फरकाचा मोठा हिस्सा कच्च्या मालाचा नाही. तो लहान आकाराचा आहे. मोठी ब्रुअरी तीव्र बिअर बनवून बाटलीत भरण्यापूर्वी तीत पाणी मिसळते आणि त्याच टाक्यांतून जास्त माल काढते. छोट्या ब्रुअरीत दोन-तीन माणसे तेवढ्याच श्रमात काही हजार लिटर बनवतात, आणि मग तो माल विकण्यासाठी देशभर हिंडतात.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. सिटीवेस्टहून फार दूर नसलेल्या सेलब्रिजमधील राय रिव्हर या ब्रुअरीने स्वतःच्या नावाच्या बिअरबरोबरच लिडलसाठी ‘क्राफ्टी ब्रूइंग कंपनी’ आणि डन्ससाठी ‘ग्राफ्टर्स’ या नावांनी बिअर बनवली आहे. दुकानाच्या नावाखालील ती बिअर स्वस्त असे. टाक्या त्याच, बनवणारे हात तेच. मोठी आणि खात्रीची मागणी, एकच ग्राहक आणि मधला वितरक नाही, एवढ्याने भाव खाली येतो. म्हणून महाग कॅन म्हणजे अधिक चांगली बिअर, हे समीकरण मनातून काढून टाकलेले बरे. त्याच न्यायाने महाग कॅन म्हणजे लूट, हेही.

मग चांगली बिअर ओळखायची कशी? माझ्या मते कॅनवरील चित्र, पुरस्काराचे पदक आणि किंमत या तिन्हींपेक्षा त्याच्या तळाशी छापलेली तारीख अधिक बोलकी असते. हॉप्सचा सुगंध ही बिअरमधील सर्वांत नाजूक गोष्ट. प्राणवायूचा अंश आणि उष्णता यांच्यामुळे तो काही आठवड्यांतच मावळू लागतो; दोन-तीन महिन्यांनंतर त्या महागड्या आयपीएत आंब्या-संत्र्याच्या गंधाऐवजी ओल्या पुठ्ठ्याची किंवा शिळ्या मधाची छटा येते. काही ब्रुअऱ्या कॅन भरल्याची तारीख छापतात. बहुतेक जण केवळ ‘या तारखेपूर्वी उत्तम’ एवढेच छापतात आणि ती तारीख नऊ महिने किंवा वर्षभर पुढची असते. तेव्हा ती तारीख चार महिन्यांवर आलेली दिसली, तर तो कॅन बराच काळ कोठेतरी पडून होता, असे समजावे. शीतकपाटाबाहेरच्या फळीवर, दिव्याखाली ठेवलेल्या आयपीएला चार युरो देण्यात शहाणपण नाही. त्याच फळीवरील स्टाउट, पोर्टर किंवा तीव्र गडद बिअर मात्र निर्धास्त घ्यावी. भाजलेल्या माल्टवर उभी असलेली चव इतकी लवकर ढळत नाही. हिरव्या किंवा पारदर्शक काचेच्या बाटलीत प्रकाशामुळे हॉप्सचा घाण वास सुटतो, हा दोष कॅनमध्ये संभवत नाही.

पबमध्ये हिशेब आणखी वेगळा. समजा क्राफ्ट बिअरचा पिंट सात युरोंना आहे. त्यातील १ युरो ३१ सेंट मूल्यवर्धित कर आणि सवलतीच्या दराने सुमारे २८ सेंट अबकारी कर गेला, उरले पाच युरो चाळीस सेंट. त्यातला मोठा भाग पबचे भाडे, पगार आणि वीज यांचा असतो. आयर्लंडमध्ये नळ, शीतयंत्रे आणि नळ्यांची देखभाल ही कामे बहुधा मोठ्या बिअर कंपन्याच करतात. छोट्या ब्रुअरीला त्या काउंटरवर एक नळ मिळवणे हेच मोठे काम. तो मिळाला तरी खप हवा. तीस लिटरच्या पिंपात सुमारे बावन्न पिंट भरतात. उपनगरातील शांत पबमध्ये ते संपायला दोन-दोन आठवडे लागले, तर शेवटचे पिंट मरगळलेले असतात. अशा ठिकाणी सात युरोंच्या क्राफ्ट पिंटपेक्षा अखंड वाहणाऱ्या नळाचा गिनेस निःसंशय सरस लागतो, आणि तसे म्हणण्यात क्राफ्टप्रेमींनी कमीपणा मानू नये.

येथे पुण्याची आठवण अप्रस्तुत नाही. देशातील सर्वांत आधीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक असलेली ‘डुलाली’ २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. (हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या आपल्या देवळाली छावणीवरून रूढ झालेला, हे अनेकांना माहीत असेल.) २०१४ मध्ये इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आली आणि पुढे पुणे हे या व्यवसायाचे एक मोठे केंद्र झाले. तेथील रचनेचा पाया असा की जेथे बिअर बनते तेथेच ती विकली जाते. टाकी आणि टेबल यांच्यात काचेची एक भिंत असते. कॅन नाही, वितरक नाही, महिनोन्‌महिन्यांची साठवण नाही. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात महाराष्ट्राने ताजी बिअर बाटलीत भरून घरी नेण्यास परवानगी दिली, तीही ब्रुअरीच्या दारातूनच. पुण्यातील गव्हाची बिअर आठवणीत इतकी ताजी वाटते, त्याचे एक कारण ती खरोखरच ताजी होती, हे आहे. आठवणींचा गोडवा त्यात मिसळलेला असला तरी.

आयर्लंडमध्ये याच्या नेमके उलट घडले. बिअरसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या देशात ब्रुअरीला आपल्याच दारात पिंट विकणे दीर्घकाळ जवळजवळ अशक्य होते. १९०२ च्या कायद्याने पबच्या नव्या परवान्यांवर निर्बंध आणले. नवा पब उघडायचा तर आधीचा एखादा परवाना विकत घेऊन रद्द करावा लागतो आणि त्यासाठी हजारो युरो मोजावे लागतात. २०१८ मध्ये ब्रुअरी व डिस्टिलरीसाठी स्वतंत्र परवाना निघाला खरा, पण त्याच्या अटी पाहा: विक्री सकाळी दहा ते सायंकाळी सात या वेळेत आणि ब्रुअरीची फेरी पुरी केलेल्या पाहुण्यांनाच. नोकरी करणारा माणूस सातच्या आत ब्रुअरीत पोहोचून, मार्गदर्शकाचे ऐकून, मग पिंट पिणार, अशी ही कल्पना आहे. पुण्यात इतके कोणी मागत नाही.

ज्यांना जमले त्यांनी पूर्ण परवान्याचा खर्च सोसला. २०१४ मध्ये रॅथकूलमध्ये, म्हणजे सिटीवेस्टच्या अगदी कुशीत सुरू झालेली रॅस्कल्स ही ब्रुअरी पुढे इंचिकोरला गेली आणि तेथे तिने ब्रुअरीलगत पिझ्झा व बिअरची जागा उघडली. सॅगर्टहून लुआसच्या लाल मार्गाने निघाले की इंचिकोरच्या आसपासचे थांबे वाटेतच लागतात. आपल्या परिसरात जन्मलेली ब्रुअरी मोठी होण्यासाठी शहराकडे सरकली, यात वर सांगितलेल्या अर्थकारणाचा बराच भाग आला.

काहींनी दुसरी वाट धरली. कॉर्कची फ्रान्सिस्कन वेल २०१३ मध्ये मोल्सन कूर्सने आणि मिचेल्सटाउनची एट डिग्रीज २०१८ मध्ये आयरिश डिस्टिलर्सने विकत घेतली. मोठ्या कंपन्या स्वतःही ‘क्राफ्ट’चा पेहराव चढवतात, गिनेसने २०१५ मध्ये आणलेली हॉप हाउस १३ ही त्यातलीच. अशी बिअर वाईट असते असे मुळीच नाही. फक्त तिला निम्म्या कराची सवलत नसते, आणि आपला युरो गावातल्या ब्रुअरीला पोहोचेल या समजुतीने ती घेत असाल तर लेबलाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेला उत्पादकाचा पत्ता वाचायला हवा. ब्रुअरीचे नाव नसून नुसतीच गावाची आठवण करून देणारी नावे अधिक संशयास्पद.

कोविडनंतरच्या काळात वीज, कॅन आणि माल्ट यांचे दर चढले तेव्हा काही छोट्या ब्रुअऱ्यांनी शटर ओढले. त्यांना दारातच विक्रीची मुभा असती, तर मधल्या वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा त्यांच्याकडेच राहिला असता. मद्यविक्रीच्या कायद्यांची फेररचना करणाऱ्या, परवाने रद्द करण्याची ती जुनी अट टप्प्याटप्प्याने काढू पाहणाऱ्या विधेयकाचा आराखडा आयरिश सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. चर्चा रात्रीच्या क्लबांच्या वेळांवरच अधिक झाली, आणि विधेयक दीर्घकाळ रेंगाळले.