आधी पान, मग पाइप

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत १८३९ साली तंबाखू सुकवायच्या एका कोठीत राखणीला बसलेल्या माणसाचा डोळा लागला. त्याचं नाव स्टीफन. अबायशा स्लेड या जमीनमालकाचा तो गुलाम, कामाने लोहार. जाग आली तेव्हा विस्तव विझत आला होता. त्याने घाईघाईने भट्टीजवळचा लोणारी कोळसा आणून आगीत लोटला. उष्णता एकदम चढली, धूर मात्र झाला नाही, आणि वर टांगलेली पानं तपकिरी व्हायच्याऐवजी पिवळीधमक झाली. आज व्हर्जिनिया म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या सोनेरी, गोडसर तंबाखूचा उगम या रात्रीत सांगितला जातो. शोध गुलामाचा, पैसा मालकाने केला.

पाइपकडे नव्याने वळणारा माणूस बहुधा लाकूड बघतो. वाकडा घ्यावा की सरळ, काळा की तांबूस, कुठल्या कंपनीचा. दुकानदारही तेच काढून दाखवतो. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. पाइपमध्ये चव येते ती पानातून, आणि पानाची चव ते झाडावरून उतरल्यावर त्याचं काय केलं यावर ठरते. हे एकदा कळलं की डब्यांवरची नावं बोलू लागतात, आणि महागडा पाइप घ्यायची घाईही आपोआप कमी होते.

झाड एकच, निकोटियाना टबॅकम. आपल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातली विडीची तंबाखूही तीच. ते पान उन्हात वाळतं आणि करकरीत, झणझणीत होतं. व्हर्जिनियाचं पान बंद कोठीत, नळ्यांतून फिरवलेल्या कोरड्या उष्णतेवर काही दिवसांत सुकवतात. त्या अवधीत पानातल्या स्टार्चची साखर होते आणि ती खर्ची पडायच्या आत पान वाळून जातं. म्हणून व्हर्जिनिया गोड लागते, आणि त्याच साखरेमुळे घाई करणाऱ्याची जीभ पोळवते.

बर्ली याच्या नेमकी उलट. ओहायोतल्या ब्राउन काउंटीत १८६४ साली जॉर्ज वेब आणि जोसेफ फोर या कुळांच्या रोपवाटिकेत फिक्या, पांढुरक्या रंगाची रोपं उगवली, आणि तिथून व्हाइट बर्लीचा वाण पसरला. हे पान उघड्या, हवेशीर कोठीत आठवडेच्या आठवडे नुसतं टांगलेलं असतं. तेवढ्या वेळात साखर जवळजवळ संपते. उरते ती भाजलेल्या दाण्यासारखी कोरडी चव आणि भरपूर निकोटिन. पान सच्छिद्र असल्याने वरून लावलेला कुठलाही स्वाद ते शोषून घेतं. व्हॅनिला, चेरी, चॉकलेटच्या वासाची जी मिश्रणं नवख्यांना भुरळ घालतात, त्यांत बर्ली आणि वाफेवर काळी केलेली कॅव्हेंडिश याच मुख्य असतात. खोलीत त्यांचा वास फार छान पसरतो. ओढणाऱ्याच्या तोंडात मात्र त्यातलं थोडंच पोचतं, आणि स्वादासाठी लावलेल्या पाकामुळे ती मिश्रणं ओली जळतात. सुरुवात अशा तंबाखूने करू नये असं मी स्पष्ट सांगेन.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त मोह पडतो पेरीकचा. लुइझियानातल्या सेंट जेम्स परिसरात, मिसिसिपी नदीकाठच्या ग्रांद प्वांत नावाच्या छोट्याशा भागात ही तंबाखू होते. तिथले मूळ रहिवासी, चोक्टॉ आणि चिकसॉ, पानं दाबून मुरवत असत. त्यांच्याकडून ही रीत पिएर शने या शेतकऱ्याने उचलली आणि १८२४च्या सुमारास तिला धंद्याचं रूप दिलं, असा तिथला इतिहास आहे. पान आधी हवेत वाळवतात, मग थोडं पाणी मारून मऊ करतात आणि मधली शीर हाताने ओढून काढतात. उरलेल्या पात्यांच्या जुड्या वळून व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपात भरतात आणि वर स्क्रू-जॅकने प्रचंड दाब देतात. पान स्वतःच्याच रसात बुडतं. काही महिन्यांनी पिंप उघडायचं, जुड्या मोकळ्या करून हवा द्यायची, पुन्हा भरायचं, पुन्हा आवळायचं. लोणचं मुरावं तशी ही तंबाखू वर्षभर मुरते आणि शेवटी जवळजवळ काळी होऊन बाहेर येते. वास सुकवलेल्या आलुबुखाराचा, व्हिनेगरचा. धूर नाकातून सोडला तर काळ्या मिरीची चुरचुर. नुसती पेरीक ओढवत नाही. व्हर्जिनियात चिमूटभर घातली की तिचा गोडवा खोल होतो आणि जिभेची जळजळही उतरते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे पीक मोजक्याच शेतांवर उरलं होतं, पार नामशेष व्हायच्या बेतात. ते टिकलं ते काही कुटुंबांच्या चिकाटीमुळे.

लटाकिया हे नाव सीरियाच्या बंदरावरून आलं. तिथल्या डोंगरातल्या लोकांनी न विकलेली पानं घराच्या आढ्याला टांगून ठेवली, हिवाळाभर खालच्या चुलीचा धूर त्यांना लागला, आणि पुढच्या हंगामात तीच भाव खाऊन गेली, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, रीत तीच: वाळलेल्या पानांना ओकसारख्या लाकडांचा आणि सुगंधी झुडपांचा धूर आठवडेच्या आठवडे देत राहायचा. गेली कित्येक दशकं बाजारात येणारी लटाकिया मुख्यतः सायप्रसची आहे. तिचा डबा उघडला की चामडं, डांबर, होमातल्या समिधा असं काहीतरी एकत्र नाकात शिरतं. घरची मंडळी तक्रार करतात ती बहुतेक हिचीच. ब्रिटनमध्ये तंबाखूत साखर वा इतर पदार्थ मिसळण्यावर दीर्घकाळ कायद्याची बंधनं होती. तिथल्या मिश्रणकारांना वैविध्य आणायचं ते पानांतूनच आणावं लागे. व्हर्जिनिया, तुर्की-ग्रीक पौर्वात्य पानं आणि लटाकिया यांच्या मेळाला ‘इंग्लिश’ मिश्रण म्हणतात, ते याच परंपरेतून. केंडल या इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशालगतच्या गावी तपकिरीचा उद्योग १७९२पासून चालत आला आहे, आणि दाबून वडी केलेल्या व्हर्जिनियाचे पातळ काप, म्हणजे ‘फ्लेक’, तिथले फार नावाजलेले आहेत.

आता एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. पाइपचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असतो. त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. धूर छातीत घ्यायची गरज लागत नाही ती यामुळे, आणि तोंडाला झळ बसते तीही यामुळेच. सॅम्युएल थॉमस फॉन झ्योमरिंग या जर्मन वैद्याने पाइप ओढणाऱ्यांमधल्या ओठाच्या कर्करोगाची नोंद १७९५ सालीच केली होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४च्या प्रसिद्ध अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मान्य केला. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, सगळीकडे धोका वाढतो. ज्याने कधीच तंबाखूला हात लावलेला नाही त्याने या लेखातलं शास्त्र वाचावं, पानांच्या कथा वाचाव्यात, आणि तिथेच थांबावं, असं मला मनापासून वाटतं. जो ओढणारच आहे त्याला निदान क्वचित आणि सावकाश ओढायचं कळावं.

सावकाशीची सुरुवात काडी पेटवण्याआधीच होते. डब्यातली तंबाखू बहुतेकदा गरजेपेक्षा ओली असते. ती जळताना पाण्याची वाफ होते, आणि जीभ पोळते ती बरीचशी या वाफेनेच. एका भरणीपुरती तंबाखू कागदावर मोकळी पसरून ठेवावी. मग चिमटीत दाबून बघावी: गोळा होऊन राहिली तर अजून ओली, चुरा झाला तर फार सुकली, दाबल्यावर हळूच फुलून सुटी झाली तर बेताची. मुंबईत, कोकणात जुलै महिन्यात ती तासन्‌तास सुकतच नाही. पंख्याखाली ठेवावी लागते, आणि उरलेली घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. भरताना तळाशी सैल, वर जरा दाबून. न पेटवता एकदा हवा ओढून बघायची. नळीने पाणी पिताना लागतो तेवढाच जोर लागावा. पहिली काडी पृष्ठभागावर गोल फिरवली की तंबाखू फुगून वर येते. ती टॅम्परने, म्हणजे दाबायच्या दांडीने, अगदी हलक्या हाताने बसवायची आणि दुसरी काडी लावायची. तिथून पुढे श्वास जसा संथ चालतो तसे झुरके. पाइप विझला तर विझू द्यावा. बाउल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, हाताला चटका देऊ लागली की समजावं, आपण घाई करतोय. घाम सुटला, उचकी लागली किंवा मळमळलं तर निकोटिन चढलं आहे. पाइप खाली ठेवून काहीतरी गोड खावं.

राहिला पाइप. पहिला पाइप मक्याच्या कणसाचा घ्यावा. हेन्री टिब हा डच कातारी मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावी स्थायिक झाला होता. १८६९ साली एका शेतकऱ्यासाठी त्याने कणीस कातून पाइप करून दिला, आणि पुढे प्लास्टर ऑफ पॅरिसने त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत करायच्या पद्धतीचं पेटंट १८७८ साली घेतलं. त्याच्या कंपनीत आजही हे पाइप होतात. जनरल मॅकआर्थरच्या तोंडातला तो लांबलचक पाइप इथलाच. कणीस ओलावा शोषतं, स्वतःची चव फारशी मिसळत नाही, आणि स्वस्तही असतं. निरनिराळी पानं ओळखायला याहून चांगलं साधन नाही.

ब्रायर लाकडाचा पाइप त्याच्या पुढचा. भूमध्य समुद्राभोवती कॉर्सिका, कॅलाब्रिया, अल्जेरियाच्या खडकाळ उतारांवर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या मुळाशी जमिनीत एक कठीण गाठ धरते. दुष्काळ-वणव्यात झुडपाला तीच जगवते. ही गाठ खणून काढतात, फुटू नये म्हणून ओली ठेवतात, कापून ठोकळे करतात, ते तासन्‌तास उकळून त्यातला कडवट रस काढतात आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, सावलीत वाळवतात. आगीजवळ राहूनही सहजासहजी न जळणारं असं लाकूड विरळाच. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सेंट क्लोदमध्ये जपमाळा आणि क्रूस कातणारे कसबी कारागीर होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्या हाती हे लाकूड आलं आणि ते गाव पाइपची राजधानी झालं. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने १८९० साली धुरातलं पाणी साठवणाऱ्या पाइपचं पेटंट घेतलं. अल्फ्रेड डनहिलने लंडनला १९०७ मध्ये दुकान थाटलं. कोपनहेगनच्या सिक्स्टन इवार्सनने लाकडाच्या शिरा जातील तसा आकार द्यायला सुरुवात केली, तिथून पाइप शिल्पकलेत गेला.

शिरा सुंदर असल्या की किंमत वाढते. धूर मात्र भोकावर अवलंबून असतो. म्हणून दुकानात स्टेममधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, एक पाइप क्लीनर सरकवून बघावा. तो न अडता बाउलच्या अगदी तळाशी, बरोबर मध्यावर निघाला तर भोक नीट पाडलेलं आहे. भोक तळापासून वर असेल तर खालची तंबाखू कायम ओली आणि अर्धवट जळकी राहणार. असा पाइप कितीही देखणा असला तरी घेऊ नये. बाउलच्या भिंती जाड असाव्यात. व्हल्कनाइटचा स्टेम दातांना मऊ, पण उन्हात ठेवला तर हिरवट पडतो. ॲक्रिलिकचा चकाकतो आणि कडक लागतो. ओढून झाल्यावर पाइप गरम असताना स्टेम उपसून काढू नये, सांध्याला चीर जाते. पाइप निवू द्यावा, राख झटकून क्लीनर फिरवावा, आणि निदान दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावू नये. लाकडाला ओल सोडायला तेवढा वेळ लागतोच.