शर्यतीचीं कबुतरें आणि शेजारधर्म

घोडबंदर या नांवांतच प्राण्यांची ये-जा आहे. खाडीच्या या बंदरावर परदेशचे घोडे उतरत असत, त्यावरून गांवास हें नांव पडलें असें सांगतात. आतां घोडेहि नाहींत आणि तें बंदरहि नाहीं. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांस मजल्यांवर मजले चढले आहेत. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही वाघबिळाच्या बाजूस अशाच एका इमारतींत नवव्या मजल्यावर येऊन राहिलों. पश्चिमेस येऊरचे डोंगर, पूर्वेस खाडी, आणि मध्यें अहोरात्र वाहणारा रस्ता. येथें प्राण्यांवरून तंटा उपस्थित होईल आणि तो मिटविण्यास आम्हांस बसविलें जाईल, हें मात्र स्वप्नींहि नव्हतें.

तंटा कबुतरांचा. आमच्या इमारतींतील एका तरुणानें गच्चीच्या कोपऱ्यांत लांकडी ढाबळ उभारली होती. पूर्वीच्या व्यवस्थापक मंडळाची त्यास तोंडी संमति होती. ढाबळींत २८ कबुतरें. पहिली जोडी त्यानें बंगळूरहून आणलेली. ढाबळीच्या बरोबर खालीं बाराव्या मजल्यावर बँकेंतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांस वर्षभर कोरडा खोकला, आणि पुढें जिना चढतांना धाप. डॉक्टरांनीं छातीचें चित्र काढविलें आणि पहिला प्रश्न केला, "घराजवळ कबुतरें आहेत काय?" त्या एका प्रश्नानें सर्वसाधारण सभेंत वादळ उठलें. कोणी म्हणे ढाबळ आजच्या आज पाडा, कोणी म्हणे मुक्या जिवांना कोठें घालवितां. अखेरीस, मास्तरांनीं दोन्ही पक्षांचें ऐकून काय तें सांगावें, असें ठरलें.

आमचें कबुतरांविषयींचें ज्ञान तोंवर पोथींतलें. आपल्या पूर्वजांचें या पक्ष्याविषयीं एकमत नव्हतें, हें वाचकांस ठाऊक असेलच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत घरांत शिरलेल्या कपोताच्या शांतीचें एक सूक्त आहे. तेथें तो निर्ऋतीचा दूत. महाभारतांत मात्र शिबिराजा शरण आलेल्या कपोतासाठीं आपलें मांस तोडून देतो, आणि पंचतंत्रांतील चित्रग्रीव आपल्या पाशाआधीं अनुयायांचे पाश तोडावयास सांगतो. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत तर पारावतविनोद हा राजाच्या विनोदांपैकीं एक गणला आहे. अकबर बादशहाच्या पदरीं वीस हजारांवर कबुतरें असल्याचें ऐने-अकबरींत नमूद आहे. अशुभाचा दूत, शरणागत आणि राजाचें खेळणें, अशा तिन्ही रूपांत हा पक्षी आपल्याकडे वावरला आहे. आमच्या सभेंतहि तो त्याच तीन रूपांत उभा राहिला, इतकेंच.

पोथीनें निकाल लागेना, म्हणून आम्ही एका रविवारीं पहाटे गच्चीवर गेलों. तो तरुण तोंडाला फडकें बांधून ढाबळ खरवडीत होता. "गुरुजी, वाऱ्याच्या बाजूला उभे राहा, धूळ अंगावर येईल," तो म्हणाला. आम्ही तेथें दोन तास बसलों, आणि चाळीस वर्षें मुलांस शिकवूनहि आपणांस किती थोडें ठाऊक असतें, याचा प्रत्यय घेतला.

शर्यतीचें कबूतर आणि खिडकीवर घुमणारा पारवा यांची जात एकच. परंतु पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसानें त्याचा वेग आणि घराची ओढ वाढविली. कोल्हापूर-सांगलीकडे कबुतरें उडविण्याच्या चुरशी होतात, त्यांचा प्रकार निराळा. तेथें जें कबूतर अधिक वेळ आकाशांत राहील तें जिंकतें. या शर्यतींत सर्वांचीं कबुतरें एकाच दूरच्या ठिकाणीं सोडतात आणि प्रत्येक आपापल्या घरीं परततें. प्रत्येकाचें घर निराळें, म्हणून अंतरहि निराळें. तेव्हां अंतरास लागलेल्या वेळानें भागून दर मिनिटास किती मीटर, असा वेग काढतात. आमच्या जुन्या अंकगणिताच्या पुस्तकांत असें एखादें उदाहरण असतें, तर मुलें आनंदानें सोडवितीं! वारा शांत असतां चांगलें कबूतर तासास सत्तर-ऐंशीं किलोमीटर जातें.

मादी दोन अंडीं घालते. सतरा-अठरा दिवस नर-मादी आळीपाळीनें तीं उबवितात, आणि पिल्लांस दोघेंहि आपल्या गळ्यांतील दुधासारखा रस पाजतात. पिल्लू आठवड्याचें होण्याच्या सुमारास त्याच्या पायांत अखंड कडें घालतात. पाय वाढला म्हणजे तें निघत नाहीं. तीच त्याची आयुष्यभराची ओळख. खाणें मोजून, दर पक्ष्यास रोज सुमारें तीस ग्रॅम: मका, वाटाणा, बाजरी, हरभरा. कारण पोट भरलेलें कबूतर गच्चीवर उतरत नाहीं, शेजारच्या कठड्यावर रेंगाळतें. तरुणानें डबा खुळखुळविला आणि येऊरच्या बाजूनें घिरट्या घालणारा थवा एकदम खालीं आला. एक नग कमी भरला. "ससाण्यानें नेला असेल," तो म्हणाला. जंगलाच्या कांठीं हा छंद करणें म्हणजे दर हंगामास कांहीं पक्षी डोंगरास अर्पण करणें, हें तो जाणून होता. पण बोलतांना त्याचा आवाज बदलला.

तीं घर कशीं ओळखतात, हें आम्हीं त्यास विचारलें. त्यास उत्तर देतां येईना, आणि शास्त्रज्ञांसहि तें पुरतेपणीं देतां आलेलें नाहीं. सूर्य पाहून तीं दिशा ठरवितात. ढगाळ दिवशीं कबुतरांस लोहचुंबक बांधले तर तीं गोंधळतात, असें १९७१ सालीं अमेरिकेंत कीटन यानें दाखविलें. इटलींतील पंडितांनीं वासाच्या ज्ञानाचा पक्ष उचलून धरला. आम्हांस विशेष गंमत वाटली ती २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधाची. रोमच्या आसपास सोडलेल्या कबुतरांच्या पाठीवर मार्ग नोंदणारें यंत्र बांधलें, तेव्हां कित्येक कबुतरें खालच्या महामार्गाच्या वरून उडत जातात आणि योग्य फांट्यास वळतात, असें आढळलें. आमच्या तरुणाचीं कबुतरेंहि घोडबंदर रस्त्यावरून येत असतील काय? त्यांस निदान कापूरबावडीच्या कोंडींत अडकून पडावें लागत नाहीं.

हा छंद क्षुद्र नव्हे. १९४६ सालीं लष्करानें दिलेल्या दोनशें कबुतरांवर ओरिसाच्या पोलिसांनीं संदेशवहनाची व्यवस्था उभारली, आणि १९४८ सालीं पंडित नेहरूंचा निरोप संबळपुराहून कटकास कबुतरानें नेला. २०२० सालीं बेल्जममधील न्यू किम नांवाची एक मादी लिलावांत सोळा लाख युरोंस गेली. आणि आपल्या मुंबईंतील गोष्ट तर नाटकांत शोभावी. २०२३ च्या मे महिन्यांत चेंबूरकडे पीर पाऊ धक्क्यावर एक कबूतर सांपडलें. पायांत दोन कडीं, पंखांवर चिनीसारखीं अक्षरें! हेर समजून पोलिसांनीं तें ताब्यांत घेतलें आणि परळच्या बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालयांत ठेविलें. पुढें उलगडा झाला कीं, तें तैवानमधील समुद्रावरच्या शर्यतीचें वाट चुकलेलें कबूतर. आठ महिने अटकेंत काढून ३० जानेवारी २०२४ रोजीं तें सुटलें. पायांत कडें असलें म्हणजे आळ घेणें किती सोपें जातें!

हें वाक्य आम्हीं उगाच लिहिलें नाहीं. बाईंचा आजार खरा होता. कबुतरांच्या पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासाबरोबर आंत जाते. एखाद्याच्या शरीरास ती सोसत नाहीं. फुप्फुसें सुजतात, आणि संपर्क चालूच राहिला तर त्यांत वण पडून तीं ताठ होतात. तो वण मागें फिरत नाहीं. कबुतरें पाळणाऱ्यांस हा आजार होतो, हें वैद्यकांस साठाहून अधिक वर्षें ठाऊक आहे. ठाणे महानगरपालिकेनें २०२३ सालीं, कबुतरांस दाणे टाकल्यास पांचशें रुपये दंड, असे फलक लावले. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईंतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचा विषय निघाला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनें झांकला, ती लोकांनीं फाडली, आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयापर्यंत गेलें. हें सर्वांनीं वाचलेंच आहे.

परंतु बाईंच्या छातींत गेलेली धूळ कोणत्या कबुतरांची? आम्ही वहीपेन्सिल घेऊन इमारतीभोंवतीं फिरलों. नळांच्या बोळांत, वातानुकूलन यंत्रांच्या फळ्यांवर, बंद सदनिकांच्या सज्जांत मोजूं लागलों. दीडशेंच्या पुढें मोजणें सोडून दिलें. बाईंच्या स्नानगृहाची खिडकी याच बोळांत उघडते आणि तेथें विष्ठेचा वीतभर थर. या दीडशेंचा धनी कोणी नव्हता. तीं वाढलीं कशावर? दाण्यावर. आणि दाणा टाकीत होते कोण? एकूण सहा घरें. त्यांतील एक आमचें.

येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या मातोश्री गेल्यापासून, त्यांची संवय म्हणून, आम्ही रोज स्नानानंतर खिडकीच्या कठड्यावर ओंजळभर ज्वारी घालीत आलों होतों. अकरा वर्षें. त्यांत पुण्य आहे कीं नाहीं याचा विचार कधीं केला नव्हता, आणि पाप असेल हें तर मनांतहि आलें नव्हतें. जो आपले पक्षी नांवानिशीं ओळखतो, मोजून घालतो, रोज खरवडतो, त्यास आम्ही जाब विचारीत होतों, कारण त्याच्या ढाबळीस दार होतें आणि दारावर त्याचें नांव. आमच्या ओंजळीवर कोणाचेंच नांव नव्हतें.

सभेंत आम्हीं हें उभें राहून सांगितलें. आमच्या कुटुंबास तें रुचलें नाहीं. "आईंचा नेम मोडलात," एवढेंच त्या म्हणाल्या आणि दोन दिवस अबोला धरला. दाणे टाकणें बंद व्हावें, बोळांस जाळी बसवावी, थर ओला करून मगच काढावा, हें आम्हीं सुचविलें आणि तें मान्य झालें. ढाबळीविषयीं मात्र आमचा निर्णय तरुणाच्या विरुद्ध गेला. ती स्वच्छ होती, हें खरें. पण डॉक्टरांनीं बाईंस कबुतरांपासून सर्वस्वीं दूर राहावयास सांगितलें होतें. थोडीं कबुतरें चालतील, असें नव्हे. शिवाय गच्ची सर्वांच्या मालकीची. छंदास दुसरी जागा मिळूं शकते, श्वासास मिळत नाहीं. तरुणानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "गुरुजी, मी ढाबळ हलवीन. पण कबुतरें हलत नाहींत."

त्याचा अर्थ आम्हांस पुढें कळला. ज्या पक्ष्याची सारी किंमत घरीं परतण्यांत, त्यास घर बदलावयास कसें सांगावें? उडूं न लागलेलीं पिल्लें नव्या जागीं रुळतात. मोठीं कबुतरें बहुधा रुळत नाहींत. त्यांस जन्मभर कोंडून ठेवून त्यांच्या पिल्लांवर नवी ढाबळ उभारावी लागते. मुरबाडकडे त्याच्या एका मित्राचें शेत होतें. तेथें ढाबळ गेली. तीन महिने कोंडल्यावर त्यानें मन घट्ट करून चार कबुतरें सोडून पाहिलीं. तासाभरांत त्यांतील तीन आमच्या गच्चीवर, ढाबळीच्या चौकोनी खुणेवर बसलेलीं होतीं. तीं पुन्हां नेऊन कोंडलीं. चौथ्याचा पत्ता नव्हता.

बाईंचा खोकला पुष्कळ उणावला आहे. धाप अजून लागते, आणि जेवढा वण पडला तेवढा राहणारच, असें डॉक्टर म्हणतात. बोळांस जाळ्या बसल्या. पारवे कमी झाले, गेले नाहींत.

गेल्या पंधरवड्यांत एका सकाळीं आम्ही गच्चीवर गेलों, तों त्या खुणेवर एक राखी कबूतर बसलेलें. एक पंख झिजलेला, पायांत निळें कडें. तें चौथें असावें. इतके दिवस कोठें होतें कोण जाणे. आम्हांस पाहून तें उडालें नाहीं, मान वांकडी करून डब्याच्या आवाजाची वाट पाहूं लागलें. आमचा हात संवयीनें कोटाच्या खिशाकडे गेला. खिसा अर्थातच रिकामा. आम्हीं तरुणास दूरध्वनि केला. तो कामावर निघाला होता, तो परत फिरला.

"तोंवर दोन दाणे घालूं का रे?" आम्हीं विचारलें.

"नको, गुरुजी," तो म्हणाला, "घातलेत तर तें पुन्हां येथेंच येईल. थोडें पाणी तेवढें ठेवा."

आम्हीं वाटींत पाणी ठेविलें आणि तो येईपर्यंत जिन्याच्या दारांत बसून राहिलों.