लॅपटॉप घ्यायचा, पण कसा?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक ताई येतात. त्या शिवणकाम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना सही करता येत नव्हती. आता त्या वर्तमानपत्राचे मथळे घडाघडा वाचतात. त्यांची मुलगी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकते. रोज एस.टी.ने जाणे-येणे, तेही पुष्कळदा उभ्याने.

परवा वर्ग सुटल्यावर ताई थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. ५५ हजार साठवलेत. तिचे डोळे दुखतात, म्हणून स्क्रीन मोठी पाहिजे. खांदाही दुखतो, म्हणून वजनाला हलका पाहिजे. दुकानदार म्हणतो, दोन्ही एकत्र मिळत नाही. खरं का हो?"

५५ हजार म्हणजे ताईंची तीन वर्षांची काटकसर. ती चुकीच्या वस्तूवर गेली, तर परत यायची नाही. म्हणून या पाठात आपण लॅपटॉपची पारख शिकू.

आधी आमची चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी आम्ही घरी लॅपटॉप आणला. झगझगीत रंग पाहिला, मोठी स्क्रीन पाहिली आणि पैसे मोजले. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली नाहीत. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि स्वतःच वाचले नाही! घरी आल्यावर काट्यावर ठेवला, तर २ किलो ८०० ग्रॅम. तो आजतागायत टेबलावरून हललेला नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते असं.

स्क्रीनचे माप

स्क्रीन मोजतात ती तिरकी. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. जे माप येईल, तो स्क्रीनचा आकार. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. नेहमीचे आकार तीन: १४ इंच, १५.६ इंच आणि १६ इंच.

पण नुसत्या तिरक्या मापावर जाऊ नका. घाटही पाहा. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात १६:९ किंवा १६:१० असे आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा. १५.६ इंची १६:९ स्क्रीन सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असते. १६ इंची १६:१० स्क्रीनची रुंदी जवळजवळ तेवढीच, पण उंची २१.५ सेंटिमीटर. म्हणजे पिशवी तेवढ्याच रुंदीची लागते, आणि वाचायला दोन सेंटिमीटर जास्त ओळी मिळतात.

डोळ्यांसाठी आणखी दोन गोष्टी पाहा. स्क्रीनवर निदान १९२० बाय १०८० ठिपके असावेत. याला फुल एचडी म्हणतात. ठिपके कमी असले, तर मोठ्या स्क्रीनवर अक्षरे फाटल्यासारखी दिसतात. दुसरे, स्क्रीन आयपीएस जातीची असावी. ती बाजूने पाहिली तरी फिकी पडत नाही.

वजन कुठून येते?

१९८१ साली ऑसबॉर्न १ नावाचा उचलून नेता येणारा संगणक निघाला. त्याचे वजन ११ किलो, आणि स्क्रीन अवघी ५ इंच! बंद केला की शिलाई मशीनच्या पेटीएवढा दिसे. हे सांगितल्यावर ताई खूप हसल्या. "मशीन घेऊन एस.टी.त चढायचं म्हणा की!" म्हणाल्या.

आज १५.६ इंची साधा लॅपटॉप दीड ते दोन किलोंच्या दरम्यान मिळतो. तेव्हा दुकानदाराचे बोलणे खरे नव्हते. एलजी ग्राम या नावाचा १७ इंची लॅपटॉप तर दीड किलोच्या आतला आहे. त्याचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ॲपलने २०२३ साली १५ इंची मॅकबुक एअर काढला, तोही सुमारे दीड किलोचा. पण अशा वस्तूंची किंमत आपल्या अंथरुणाबाहेर जाते.

मग मधली वाट कोणती? वजन ज्यामुळे वाढते, ते आपल्याला हवे आहे का, हे विचारायचे. खेळांसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये वेगळी ग्राफिक्स चिप असते. ती तापते. तिला गार ठेवायला तांब्याच्या नळ्या आणि मोठे पंखे लागतात. चार्जरही विटेसारखा जड लागतो. लिहायला, वाचायला, हिशेबाला हे काही लागत नाही. जे लागत नाही, त्याचे पैसेही भरायचे आणि ओझेही वाहायचे, हा कुठला न्याय? मात्र काही अभ्यासक्रमांत चित्रांचे भारी काम असते. तसे असेल, तर आधी कॉलेजात विचारावे.

वजन मोजताना चार्जरसकट मोजा. दुकानदार लॅपटॉपचेच सांगतो. रोज खांद्यावर दोन्ही जातात.

हलकेपणाची एक चोरवाटही आहे: बॅटरी लहान करणे. बॅटरीवर वॉट-अवर हा आकडा असतो. साध्या कामाला ७ वॉट लागतात असे धरू. बॅटरी ४२ वॉट-अवरची असेल, तर ४२ भागिले ७, म्हणजे ६ तास. ६३ ची असेल, तर ९ तास. वापरता वापरता बॅटरी कमी होत जाते, म्हणून थोडी जास्तीच बरी.

आत काय असावे?

रॅम म्हणजे कामाचे टेबल. टेबल मोठे, तर जास्त कागद पसरता येतात. ८ जीबीवर काम भागते, पण चार-पाच वर्षे वापरायचा असेल तर १६ जीबी घ्यावी. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पुष्कळदा आतच डाखलेली असते. ती मागाहून वाढवता येत नाही. म्हणून "रॅम वाढवता येते का?" हे घेतानाच विचारा. साठवण एसएसडीची, ५१२ जीबी पुरते.

जुना लॅपटॉप स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालते का, बॅटरी किती उरली आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशाचा हिशेब

दुकानात ताईंना ६८ हजारांचा खेळांचा लॅपटॉप दाखवला. "हप्ता भरा, व्याज नाही," असे सांगितले. अशा वेळी एकच करावे. रोखीची किंमत लिहून घ्यावी, आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज करावी. रोख ५० हजार आणि ४,५०० चे १२ हप्ते असतील, तर बेरीज ५४ हजार. वरचे ४ हजार कशाचे, हे विचारावे. कागदपत्रांचे शुल्क वेगळे असते, तेही विचारावे.

पक्के बिल घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. तो सांगितलेल्या किमतीत धरला आहे का, हे आधीच विचारावे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक हवा. तक्रार निघाली आणि दुकानदाराने ऐकले नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

शेवट काय झाला?

पुढच्या रविवारी ताई लेकीला घेऊन दुसऱ्या दुकानात गेल्या. टेप बरोबर नेली होती. दोन लॅपटॉप उरले. एक १६ इंची, १ किलो ९०० ग्रॅमचा. दुसरा १५.६ इंची, १ किलो ६०० ग्रॅमचा. दोन्हींत १६ जीबी रॅम. ताईंचा जीव मोठ्या स्क्रीनवर. पण लेकीने दोन्ही आपल्या दप्तरात घालून, खांद्याला लावून पाहिले. म्हणाली, "आई, हा हलका घेऊ. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करता येतात. खांदा मोठा करता येत नाही."

५१ हजारांत व्यवहार झाला. खोक्यावरचे आकडे ताईंनी स्वतः, बोट ठेवून, मोठ्याने वाचले. दुकानदार थांबून ऐकत होता.

वाचकहो, अक्षरे शिकायची ती याच्यासाठी.

सांगा पाहू

१. स्क्रीनचे माप कसे घेतात?
२. लॅपटॉपबरोबर आणखी कशाचे वजन करावे?
३. ३,८०० रुपयांचे १२ हप्ते म्हणजे एकूण किती रुपये?